मासिक इंजेक्शन आणि त्याचे अनुषंगिक परिणाम : चेता-अंतःस्रावी अर्बुदांच्या उपचारेतिहासातील एक प्रश्न

वैद्यकाचा इतिहास लिहिताना शोधाचा दिवस आणि शोधकाचे नाव ह्यांनाच प्रायः अग्रस्थान दिले जाते. औषध सिद्ध झाले, त्यास मान्यता मिळाली, की इतिहासकार लेखणी खाली ठेवतो. परंतु जे औषध रुग्णास वर्षानुवर्षे, दर अठ्ठावीस दिवसांनी घ्यावे लागते, त्याच्या इतिहासाचा उत्तरार्ध मान्यतेनंतरच सुरू होतो. चेता-अंतःस्रावी अर्बुदांवर दिल्या जाणाऱ्या ऑक्ट्रिओटाइड व लॅनरिओटाइड ह्या दोन औषधांचा इतिहास ह्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. प्रस्तुत लेखात एवढेच दाखवावयाचे आहे की, ह्या औषधांचे त्रासदायक परिणाम त्यांच्या मूळ गुणापासून वेगळे नाहीत. आणि म्हणून रोगाचे लक्षण कोणते व औषधाचे कोणते, हा विवेक ह्या उपचाराचा मध्यवर्ती प्रश्न ठरला आहे. ह्या प्रश्नाचा निर्णय मोठ्या रुग्णालयात होत असला, तरी त्याची साधनसामग्री रुग्णाच्या घरी, दोन इंजेक्शनांच्या मधल्या दिवसांत जमत असते. मग ते घर मुंबईत असो की बुलढाणा जिल्ह्यातील धाडसारख्या गावी.

१

प्रथम रोगाची ओळख. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ झीगफ्रीड ओबर्नडोर्फर ह्यांनी १९०७ साली लहान आतड्यातील विशिष्ट गाठींना ‘कार्सिनॉइड’, म्हणजे कर्करोगसदृश, असे नाव दिले. ह्या गाठी सौम्य असतात असे त्यांचे मत होते. त्या घातकही होऊ शकतात हे त्यांनी स्वतःच १९२९ साली मान्य केले. दरम्यान १९१४ साली फ्रान्समधील गोसे व मासों ह्यांनी ह्या गाठी अंतःस्रावी स्वरूपाच्या आहेत असे प्रतिपादन केले होते. १९५३ साली लेम्बेक ह्यांस अशा गाठीत सेरोटोनिन आढळले, आणि १९५४ साली स्वीडनमधील वाल्डेनस्ट्रॉम व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लक्षणसमूहाचे वर्णन केले : चेहऱ्यावर अकस्मात येणारी लाली व ऊष्मा, वारंवार होणारे जुलाब, श्वासनलिकांचे आकुंचन आणि हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपांचा विकार.

ह्यापुढील विवेचनासाठी एक भेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे. ह्या वर्गातील सर्वच अर्बुदे असे स्राव सोडीत नाहीत. पुष्कळ अर्बुदे ‘मूक’ असतात. महाराष्ट्रातील सामान्य वृत्तपत्रवाचकास ह्या रोगाचे नाव बहुधा मार्च २०१८ मध्ये, अभिनेते इरफान खान ह्यांनी आपला आजार जाहीर केला तेव्हाच प्रथम कळले. परंतु एकाच नावाखाली येणारे हे आजार अवयव, वेग आणि स्राव ह्या तिन्ही बाबतींत परस्परांपासून फार भिन्न असतात.

२

औषधाचा इतिहास १९७३ पासून सुरू होतो. त्या वर्षी कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेत ब्राझो, गिलमँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या अधश्चेतकातून चौदा अमिनो आम्लांचे एक संप्रेरक वेगळे केले. वाढीच्या संप्रेरकास ते थोपविते म्हणून त्यास सोमॅटोस्टॅटिन हे नाव मिळाले. पुढे असे दिसून आले की, हे द्रव्य स्वादुपिंडात व आतड्यातही तयार होते आणि शरीरातील अनेक स्रावांना आवर घालते. परंतु रक्तात ते काही मिनिटेच टिकते. औषध म्हणून त्याचा उपयोग करणे त्यामुळे दुर्घट होते.

१९८२ साली बाझल येथील सँडोझ कंपनीच्या संशोधकांनी आठ अमिनो आम्लांचे, अधिक काळ टिकणारे एक कृत्रिम रूप तयार केले. तेच ऑक्ट्रिओटाइड होय. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये क्व्होल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते २५ रुग्णांस दिले. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तान्तानुसार २२ रुग्णांची लाली व जुलाब लवकरच आटोक्यात आले. अमेरिकेत ह्या औषधास १९८८ साली मान्यता मिळाली. मात्र ते दिवसातून दोन-तीन वेळा त्वचेखाली टोचून घ्यावे लागे.

ही अडचण रसायनशास्त्राने दूर केली. लॅक्टिक व ग्लायकोलिक आम्लांच्या बहुवारिकाचे अतिसूक्ष्म गोलक करून त्यांत औषध बांधले, की ते स्नायूत हळूहळू विरघळते आणि औषध आठवडेच्या आठवडे पाझरत राहते. हे दीर्घप्रभावी रूप अमेरिकेत १९९८ साली मान्य झाले. लॅनरिओटाइडचे त्वचेखाली खोलवर द्यावयाचे दीर्घप्रभावी रूपही प्रचारात आले. त्यानंतर दोन चाचण्यांनी ह्या औषधांचे क्षेत्र विस्तारले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील चाचणीत ८५ रुग्ण होते; तीत रोग वाढेपर्यंतचा मध्यक काळ औषधाने १४.३ महिने, तर औषधाविना ६ महिने असा आढळला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीने लॅनरिओटाइडचा तसाच उपयोग २०४ रुग्णांत दाखवून दिला. तेव्हापासून ज्यांस लाली नाही व जुलाब नाहीत अशा ‘मूक’ अर्बुदांच्या रुग्णांसही, केवळ रोगाची वाढ रोखण्यासाठी, मासिक इंजेक्शन मिळू लागले. अनुषंगिक परिणामांच्या इतिहासातील ही महत्त्वाची घटना होय. पहिल्या वर्गातील रुग्णास औषधाने जुलाब थांबल्याचा अनुभव येतो. दुसऱ्या वर्गातील रुग्णास पहिला जुलाब औषधामुळेच होऊ शकतो.

३

हे कसे घडते ते पाहू. सोमॅटोस्टॅटिनचा धर्म थोपविणे हा आहे, आणि थोपविताना ते अर्बुद व निरोगी अवयव असा भेद करीत नाही. स्वादुपिंडाचा पाचक रस कमी झाला की चरबी पचत नाही. (चरबीचे पचन ह्या रसावर अवलंबून असते हे क्लोद बेर्नार ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच दाखविले होते.) पित्ताशयाचे आकुंचन मंदावले की पित्त साचते, गाळ धरतो व खडे होतात. इन्सुलिन व ग्लुकॅगॉन ही दोन्ही संप्रेरके दबल्यामुळे रक्तातील साखर कोणास वाढते, कोणास घटते. ह्यांखेरीज नाडी मंदावणे, थायरॉइडचा स्राव घटणे, ब-१२ जीवनसत्त्व कमी होणे हेही परिणाम नोंदले गेले आहेत. टोचलेल्या जागी दुखणे व गाठ धरणे हा त्रास तर अनेकांच्या परिचयाचा आहे. त्यासाठी दर वेळी कुल्ल्याची बाजू बदलण्याचा प्रघात आहे.

ह्या यादीकडे पाहिले असता असे दिसते की, बहुतेक परिणाम औषधाच्या अपेक्षित क्रियेचाच अनपेक्षित ठिकाणी झालेला विस्तार आहेत. म्हणून ते ‘सोसावे’ किंवा ‘औषध सोडावे’ ह्या दोनच पर्यायांत विचार करणे चुकीचे ठरते. जो स्राव औषधाने अडविला तो बाहेरून पुरविणे, हा तिसरा मार्ग आहे. स्वादुपिंडाच्या पाचक द्रव्यांच्या गोळ्या जेवणाबरोबर, पहिल्या घासापासून घ्याव्यात, ब-१२ तपासून द्यावे, साखर व पित्ताशय ह्यांवर नियमित लक्ष ठेवावे, हे उपाय त्या मार्गातील होत. ह्या गोळ्यांतील पाचक द्रव्य डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेले असते. मुसलमान वा शाकाहारी रुग्णास ही गोष्ट आधी सांगून त्याची संमती घेणे योग्य होय; पुढे अन्य मार्गाने कळल्यास तो निमूटपणे गोळ्या बंद करतो, आणि पुढच्या भेटीत जुलाबाचे कारण मात्र सापडत नाही.

४

येथे मुख्य प्रश्न उपस्थित होतो. मासिक इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णास जुलाब होत असतील तर त्याचे कारण काय समजावे? अर्बुदाच्या स्रावाने होणारा जुलाब पाण्यासारखा असतो, रात्रीही उठवितो, उपाशी राहिले तरी थांबत नाही, आणि बहुधा त्यासोबत लाली असते. सावळ्या वर्णावर लाली स्पष्ट दिसेलच असे नाही, कित्येकदा केवळ उष्णता जाणवते. म्हणून ‘चेहरा लाल होतो का’ ह्यापेक्षा ‘तोंडावर एकदम ऊब येते का’ असे विचारणे आपल्याकडे अधिक उपयुक्त आहे. पाचक रसाच्या अभावी होणारा मल फिकट, तेलकट, दुर्गंधीयुक्त व तरंगणारा असतो. तो तिथी पाहत नाही, जेवणातील तेल पाहतो. ज्याचे लहान आतड्याचे शेवटचे टोक शस्त्रक्रियेने काढले आहे, त्याच्या मोठ्या आतड्यात पित्ताम्ले उतरून तिसऱ्याच प्रकारचा जुलाब होतो.

तिन्हींचे उपाय परस्परभिन्न आहेत. पहिल्यास इंजेक्शनांतील अंतर कमी करणे, मात्रा वाढविणे, किंवा २०१७ साली अमेरिकेत मान्य झालेले, सेरोटोनिनची निर्मिती रोखणारे टेलोट्रिस्टॅट हे उपाय आहेत. दुसऱ्यास पाचक गोळ्या. तिसऱ्यास पित्ताम्ले बांधणारे औषध. दुसऱ्या प्रकारास पहिला समजून इंजेक्शनाची मात्रा वाढविली, तर जो दोष औषधानेच उत्पन्न केला तोच अधिक बळावतो आणि रुग्ण झिजत जातो. उलट पहिल्यास दुसरा समजल्यास रोग मोकाट सुटतो.

आपल्या प्रदेशात ह्यांत आणखी एका शक्यतेची भर पडते. अर्बुद ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल सेरोटोनिनकडे ओढून घेते, त्यामुळे नायासिन कमी पडून पेलाग्रा हा त्वचाविकार व जुलाब उद्भवू शकतो. दख्खनच्या पठारावरील ज्वारीभक्षक लोकांत पेलाग्रा आढळतो ह्या निरीक्षणावरून हैदराबाद येथील गोपालन व श्रीकांतिया ह्यांनी १९६० साली ज्वारीतील ल्यूसिनचा सिद्धान्त मांडला होता. तो सिद्धान्त पुढे वादग्रस्त ठरला. तथापि भाकरी हेच ज्याचे मुख्य अन्न, त्या रुग्णाच्या बाबतीत नायासिनचा विचार वेळीच करावा, हा बोध कायम राहतो. तसेच लघवीतील सेरोटोनिनजन्य द्रव्याची चाचणी करण्यापूर्वी केळी, टोमॅटो, वांगी वर्ज्य करावी लागतात. शेजारच्या खानदेशातून येणारे केळे व वऱ्हाडी ताटातील वांग्याची भाजी ह्यांमुळे चाचणीचा निष्कर्ष बिघडू शकतो.

५

धाड हे गाव बुलढाणा तालुक्यात, मराठवाड्याच्या सीमेलगत आहे. १८५३ पासून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि पलीकडचे भोकरदन १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात राहिले. येथील रुग्णास सामान्य उपचारासाठी बुलढाणा जवळ. परंतु ह्या रोगाचे विशेष ज्ञान परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या (स्थापना १९४१) संस्थांत एकवटलेले आहे, आणि तेथे जावयाचे तर मलकापूरपर्यंत रस्त्याने व पुढे रेल्वेने जावे लागते. परळ येथेच भाभा अणुसंशोधन केंद्राचे, १९६३ साली स्थापन झालेले, विकिरण वैद्यक केंद्र आहे. तेथे अर्बुदावरील ह्याच ग्राहींना लक्ष्य करून ल्युटेशियम-१७७ ह्या किरणोत्सर्गी द्रव्याने उपचार केले जातात. असा उपचार घेण्यापूर्वी दीर्घप्रभावी इंजेक्शन सुमारे चार आठवडे थांबवावे लागते, आणि मधल्या काळात जुने, अल्पप्रभावी इंजेक्शन उपयोगी पडते. १९८८ चे औषध १९९८ च्या औषधाने कालबाह्य झाले नाही, हे येथे दिसते.

मासिक इंजेक्शनाने रुग्णाची दररोजच्या टोचणीतून सुटका केली खरी. पण त्याबरोबर एक जबाबदारीही त्याच्या घरी आणून ठेवली. औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावयाचे, पण गोठू द्यावयाचे नाही. देण्यापूर्वी ते खोलीच्या तापमानास येऊ द्यावयाचे. ऑक्ट्रिओटाइडची पूड द्रवात नीट भिजल्यावर विलंब न लावता टोचावयाची, अन्यथा सुई चोंदते. विदर्भाच्या उन्हाळ्यात, वीज जाऊन येत असताना, ही साखळी अखंड राखणे हे उपचाराचेच अंग होय. औषध वाटेत बिघडले वा अर्धे चरबीत गेले, तर महिन्याच्या अखेरीस लक्षणे परत येतात आणि दोष रोगाच्या माथी मारला जातो.

म्हणूनच तारीखवार टिपणाचे महत्त्व आहे. इंजेक्शनाची तारीख व बाजू, शौचाच्या वेळा व स्वरूप, ऊष्म्याचे झटके, जेवणातील तेल, वजन, एवढे एका वहीत उतरविले तरी पुरेसे होते. पहिल्या काही दिवसांतील मळमळ व पोटातील कळ बहुधा औषधाकडे बोट दाखविते; शेवटच्या आठवड्यात परतणारी लाली औषध ओसरल्याचे सुचविते; महिनाभर सारखा राहणारा तेलकट मल पाचक रसाची उणीव दर्शवितो. ह्या खुणा निर्णायक नव्हेत. निर्णय वैद्यानेच चाचण्या करून घ्यावयाचा आहे. परंतु पुढील मात्रा ठरविताना त्याच्यासमोर अशी वही असली तर रोग व औषध ह्यांची गल्लत होण्याचा संभव पुष्कळ कमी होतो.

प्रयोगशाळा, कारखाने आणि मान्यतापत्रे ह्यांचे दप्तर जगातील मोठ्या नगरांत सुरक्षित आहे. औषध प्रत्यक्षात कसे वागले ह्याचा पुरावा मात्र अशा घरगुती वह्यांत विखुरलेला आहे, आणि उपचार बदलला की तो नष्टही होतो. वैद्यकाच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी, रुग्णांची संमती घेऊन व नावे वगळून, आपापल्या तालुक्यातील अशी टिपणे वेळीच जमविण्याचे काम हाती घ्यावे, ही ह्या विवेचनातून निघणारी सूचना आहे.