आवाज जमा, शांतता नावे

लाउडस्पीकर आधी जन्माला आला की त्याला गप्प बसवणारं यंत्र आधी, हा प्रश्न आम्हाला परीक्षेत कधी आला नाही. आला असता तर निम्मे बी. कॉम. नापास झाले असते. कारण मनाला पटणारं उत्तर चुकीचं आहे. गप्प बसवणारं यंत्र आधी आलं! बोलणारं नंतर. बँकेत आम्ही याला दुहेरी नोंद म्हणतो. एका खात्यात जमा पडली की दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात नावे पडलीच पाहिजे, नाहीतर संध्याकाळी मेळ बसत नाही. विज्ञानाच्या पुस्तकात मात्र नावेची नोंद आधी झालेली दिसते. असा हिशेब आमच्या शाखेत कुणी लिहिला असता तर त्याला मेमो मिळाला असता. शास्त्रज्ञांना पेटंट मिळतं.

गोष्ट सुरू होते १८७४ साली. वर्नर सीमेन्स या जर्मन गृहस्थांनी लोहचुंबकाच्या पोटात तारेचं वेटोळं ठेवलं, त्यात वीज सोडली की ते हलतं असं दाखवलं आणि पेटंट घेतलं. आजच्या प्रत्येक स्पीकरचा आत्मा तोच : चुंबक, वेटोळं आणि त्याला चिकटवलेला एक पडदा. पण यातून आवाज काढावा हे काही सीमेन्ससाहेबांच्या मनात नव्हतं. म्हणजे तिजोरी आणली आणि त्यात ठेवायला पैसाच नाही, असा प्रकार. १८७६ साली ग्रॅहम बेलचा टेलिफोन आला. तो बोलायचा, पण कानाशी नेल्याशिवाय नाही. आमच्या शाखेत काही मंडळी अशी आहेत.

टेलिफोन आले, तशी एक्स्चेंजं आली. पहिलं व्यापारी एक्स्चेंज १८७८ साली अमेरिकेत न्यू हेवनला उघडलं. पुढे काही वर्षांत एक्स्चेंजच्या फळीवर भोकं आली आणि ऑपरेटर बायका त्यात पिना खुपसू लागल्या. या भोकाचं नाव जॅक. त्यातली गंमत अशी, की पीन आत गेली की ती एक पितळी पट्टी उचलते आणि आधीचं एक कनेक्शन तोडते. एकाला जोडायचं आणि त्याच हालचालीत दुसऱ्याला तोडायचं! सासरी-माहेरी ज्यांची ओढाताण होते त्यांना हे तत्त्व समजावून सांगायची गरज नाही. ही पट्टी लक्षात ठेवा. पुढे आमच्या घरात तिनंच घात केला.

आता जमेची बाजू. १८९८ साली ऑलिव्हर लॉज या इंग्रज प्राध्यापकांनी हलत्या वेटोळ्याच्या लाउडस्पीकरचं पेटंट घेतलं. लोक त्याला हंबरणारा टेलिफोन म्हणत. मग १९१५ च्या सुमाराला कॅलिफोर्नियात नापा या गावी पीटर जेन्सन नावाचा एक डॅनिश माणूस आणि त्याचा जोडीदार एडविन प्रिडहॅम यांनी अशाच यंत्राला ग्रामोफोनचा कर्णा बसवला आणि गावाची झोप उडवली. त्याचं नाव त्यांनी मॅग्नाव्हॉक्स ठेवलं, म्हणजे लॅटिन भाषेत थोर आवाज. १९१९ साली अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन सॅन डिएगोला याच यंत्रातून सुमारे ५० हजार लोकांशी बोलले. तोवर पुढारी व्हायला फुप्फुसं लागत. त्या दिवसापासून ती अट शिथिल झाली, आणि त्याचे परिणाम आपण प्रत्येक निवडणुकीत ऐकतो. १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग या दोघांनी कर्णा काढून टाकला, कागदाचा शंकू लावला आणि अँप्लिफायर जोडला. आजचा स्पीकर तोच आहे. शंभर वर्षं झाली, बढती नाही!

आपल्याकडे ही जमा इतकी वाढली, की नावेची नोंद अखेर सरकारलाच करावी लागली. २००० सालच्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी घातली. आमच्या गल्लीतल्या मांडवात दहा कधी वाजतात यावर मात्र अजून एकमत नाही.

भोकही दरम्यान लहान होत गेलं. पाव इंचाचं होतं, ते ट्रान्झिस्टरच्या काळात साडेतीन मिलिमीटरवर आलं. माझ्या लहानपणी वडिलांच्या ट्रान्झिस्टरला ते होतं. त्यात इयरफोन घातला की स्पीकर बंद आणि क्रिकेटची कॉमेंटरी फक्त वडिलांच्या कानात. बाहेर काढला की पुन्हा सगळ्या घराला स्कोअर. एखादे दिवशी ती पट्टी वाकलेलीच राही. मग इयरफोन नसतानाही ट्रान्झिस्टरची समजूत अशी, की वडील ऐकताहेत. तो एकट्या वडिलांशीच बोलत राही आणि वडील त्याला थपडा मारत राहत.

संगणक आला तेव्हा तो जवळजवळ मुका होता. १९८१ च्या आय.बी.एम.च्या पीसीत एक लहानसा स्पीकर होता, आणि तो 'पीं' म्हणे. एकदाच आखूड पीं म्हणजे सगळं ठीक. जास्त पीं-पीं म्हणजे बिघाड. १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीनं साउंड ब्लास्टर नावाचं कार्ड आणलं आणि संगणकाला कंठ फुटला. त्याच दशकात निओडिमियमचं चुंबक निघालं. आकारानं गोळीएवढं, पण ओढ अशी की पगाराच्या दिवसाची आठवण व्हावी. त्यामुळे स्पीकर लॅपटॉपच्या फटीत मावू लागला. इतका बारका पडदा खर्जाची हवा हलवू शकत नाही, हा भाग वेगळा. लॅपटॉपवर तबला ऐकला की चाट कामावर हजर असते, डग्गा मात्र रजेवर.

असा हा दीडशे वर्षांचा वारसा गेल्या पावसाळ्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर एकाएकी मुका झाला.

एरवी मी फारसं मनावर घेतलं नसतं. पण माझा धाकटा भाऊ मेलबर्नला असतो आणि त्याची दीड वर्षाची मुलगी नुकती बोलायला लागली आहे. दर रविवारी ती आणि आई लॅपटॉपवर भेटतात. आईच्या कानात श्रवणयंत्र, त्यामुळे त्यावर हेडफोन नको होतो. मोबाइलवर म्हणे नात पोस्टाच्या तिकिटाएवढी दिसते. त्या रविवारी पडद्यावर पोरीचे ओठ हलले, भाऊ हात उंचावून नाचला, आणि आई माझ्याकडे वळून म्हणाली, "अरे, काय म्हणाली ती?" मोबाइलवरून भावाचा निरोप आला, "आईला सांग, आज्जी म्हणाली!" आईनं तो वाचला आणि चष्मा पुसत म्हणाली, "वाचून काय करू? मला ऐकायचंय."

मग चौकशी समिती बसली. अध्यक्ष आमचे चिरंजीव. पहिला संशयित : कोपऱ्यातलं स्पीकरचं चित्र. त्यावर फुली नव्हती, आवाज पूर्ण होता. दुसरा संशयित चक्क राजा निघाला. ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या हॅरल्ड ब्लूटूथ या डेन्मार्कच्या राजाचं. म्हणजे कर्ण्यावाला जेन्सन डॅनिश आणि आवाज परस्पर शेजारच्या खोलीतल्या स्पीकरला देणारा हाही डॅनिश! त्याला बंद केलं, फरक शून्य. टीव्हीला जाणारी वायर तपासली, ती जोडलेलीच नव्हती. मग ड्रायव्हर. तैवानच्या ज्या रियलटेक कंपनीची आवाजाची चिप बऱ्याच लॅपटॉपांत असते, तिचं बोधचिन्ह खेकडा. मराठी माणसाला याहून जास्त काय सांगावं! खेकडा काढला, लॅपटॉप बंद करून चालू केला, खेकडा परत आत. शांतता तशीच. शेवटी विंडोजचा ट्रबलशूटर चालवला. त्यानं बराच वेळ विचार केला आणि कोणतीही समस्या आढळली नाही, असा अहवाल दिला. आमच्या तपासणी खात्याची आठवण होऊन माझे डोळे भरून आले.

सोमवारी लॅपटॉप काखोटीला मारून मी गल्लीतल्या रेडिओवाल्या काकांकडे गेलो. दुकान आता मुलगा चालवतो आणि पाटीवर मोबाइल आहे, पण काका संध्याकाळी गल्ल्यापाशी बसतात. त्यांनी एकच विचारलं, "साहेब, हेडफोन लावल्यावर वाजतंय का?"

"वाजतंय."

"मग चिप ठीक आहे, तुमचा खेकडाही ठीक आहे. आता हेडफोन काढा आणि पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा."

मी काढला. पडद्यावर 'हेडफोन' असंच लिहिलेलं होतं. काका हसले. "बघा, याला वाटतंय कुणीतरी कान लावून बसलंय."

त्यांनी मशीन बंद करायला लावलं, भोकात बॅटरीचा उजेड टाकला, मऊ कोरड्या कुंचल्यानं धुळीचा एक बोळा बाहेर काढला, दहा-बारा वेळा पीन आत-बाहेर केली आणि मशीन चालू केलं. लॅपटॉप बोलला! टेलिफोन एक्स्चेंजच्या जमान्यातली ती युक्ती, नखाएवढी होऊन, आत अडकून बसली होती. नव्या मशिनात ती स्पीकरची तार स्वतः तोडत नाही, फक्त चिपला वर्दी देते आणि चिप स्पीकर बंद करते. आमच्याकडे ऑफिसरनं स्वतः काही न करता शिपायाला सांगावं, तसंच. काकांनी पैसे घेतले नाहीत. "या पट्टीवर आमचं घर चाललं साहेब," म्हणाले.

पुढच्या रविवारी नात बोलली. बायकोच्या मते ती 'भाजी' म्हणाली, चिरंजीवांच्या मते 'बाजी'. आईनं श्रवणयंत्र नीट बसवून निकाल दिला, 'आज्जी'. अपील नाही.

तात्पर्य म्हणाल तर एवढंच. आवाज बंद पडला की लोक आवाजालाच तपासत बसतात. स्पीकर बहुधा धडधाकट असतो. कुणीतरी ऐकतंय अशी त्याची समजूत करून दिलेली असते, म्हणून तो गप्प राहतो. आमच्या शाखेत दाराशी तक्रारपेटी आहे. तिच्यावर विश्वास ठेवून कित्येक ग्राहक काउंटरवर काही बोलत नाहीत. पेटीच्या फटीत काय अडकलंय, ते परवा पाहीन म्हणतो. किल्ली सापडली पाहिजे.