आयएलएस म्हणजे काय? यंत्र रस्ता दाखवत असताना वैमानिक चुकतात कुठे?

पावसाळ्यात मुंबईला उतरताना तुम्ही हे कधीतरी अनुभवलं असेल. ढगांतून घाटकोपरची घरं अर्धवट दिसायला लागलेली, चाकं बाहेर आल्याचा आवाज झालेला, आणि अचानक इंजिनं गरजतात आणि विमान पुन्हा वर चढतं. प्रवासी एकमेकांकडे बघायला लागतात. काहीतरी बिघडलं असंच सगळ्यांना वाटतं. पण बहुतेक वेळा उलटंच असतं, कॉकपिटमध्ये योग्य निर्णय झालेला असतो. तो का, हे समजायला आधी आयएलएस समजून घेऊ.

आयएलएस नक्की करतं काय?

आयएलएस म्हणजे इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम. नाव भारदस्त आहे, पण मुळात हे जमिनीवरचे दोन रेडिओ ट्रान्समीटर. पहिला लोकलायझर. त्याचा अँटेना धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला असतो आणि विमान मधल्या रेषेच्या डावीकडे आहे की उजवीकडे हे त्यावरून कळतं. दुसरा ग्लाइड स्लोप. त्याचा अँटेना चाकं जिथे टेकायची त्या भागाजवळ, धावपट्टीच्या बाजूला असतो. विमान उतरणीच्या रेषेच्या वर आहे की खाली, हे तो सांगतो.

यामागची युक्ती साधी आहे. प्रत्येक ट्रान्समीटर ९० आणि १५० हर्ट्झ असे दोन सूर पाठवतो. ग्लाइड स्लोपच्या बाबतीत रेषेच्या वर गेलं की ९० चा सूर जोरात, खाली गेलं की १५० चा. दोन्ही सारखे आले की कॉकपिटमधली सुई बरोबर मध्ये. ही रेषा साधारण ३ अंशांची असते आणि मोठं जेट विमान तिच्यावरून मिनिटाला ७०० फुटांच्या आसपास खाली येतं.

सर्वसाधारण प्रकारात, म्हणजे कॅटेगरी वनमध्ये, २०० फुटांवर निर्णय घ्यावा लागतो. धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर पुढे, नाहीतर वर. तिथून जमीन जेमतेम १६-१७ सेकंदांवर असते.

आता यात काय नाही ते बघा. विमानाचा वेग किती, इंजिनं ताकद देतायत का, मागून वारा आहे का, धावपट्टी ओली आहे का, यातलं काहीही आयएलएसला माहीत नसतं. ते फक्त जागा सांगतं. बाकीचं वैमानिकांनी बघायचं, आणि चुका बहुतेक तिथेच होतात.

गुआम, १९९७: सुई आहे, पण सिग्नल नाही

६ ऑगस्ट १९९७ च्या पहाटे कोरियन एअरचं ८०१ हे बोइंग ७४७ गुआम बेटावर उतरत होतं. तिथला ग्लाइड स्लोप दुरुस्तीसाठी बंद होता. ही सूचना आधीच निघाली होती, कंट्रोलरनेही तसं सांगितलं होतं. म्हणजे फक्त लोकलायझर वापरून, ठरलेल्या अंतरावर ठरलेली उंची सांभाळत, पायऱ्या उतरल्यासारखं खाली यायचं होतं. तरीही कॉकपिटमध्ये ग्लाइड स्लोप चालू आहे का, यावर शेवटपर्यंत बोलणं चालू राहिलं. त्यात आणखी एक गोम होती. अंतर दाखवणारं यंत्र विमानतळावर नव्हतं, तर अलीकडे सुमारे ३ मैलांवर, निमिट्झ टेकडीवर होतं. विमान पायऱ्यांच्या खाली गेलं आणि त्याच टेकडीवर आदळलं. २५४ पैकी २२८ जण गेले.

कॅप्टन थकलेले होते आणि त्यांनी अप्रोचची नीट उजळणी केली नव्हती, असं अमेरिकी तपास संस्थेने म्हटलं. सहवैमानिक आणि फ्लाइट इंजिनिअर यांनी त्यांना वेळेत टोकलं नाही, हेही नोंदवलं. जमिनीवरची कमी उंचीचा इशारा देणारी यंत्रणा खोटे इशारे टाळण्यासाठी निकामी करून ठेवली होती. त्यामुळे 'वैमानिकाची चूक' एवढ्यावर गोष्ट संपवणं मला पटत नाही.

ॲमस्टरडॅम, २००९: सुई बरोबर, वेग गायब

ग्लाइड स्लोपची एक खोड आहे. ३ अंशांच्या खऱ्या रेषेच्या वर, साधारण ९ अंशांवर, तिची खोटी नक्कलही तयार होते. म्हणून शक्यतो खालून येऊन रेषा पकडतात. वरून पकडायची तर इंजिनांची ताकद कमी करून भराभर खाली यावं लागतं.

२५ फेब्रुवारी २००९ ला टर्किश एअरलाइन्सचं १९५१ हे ७३७ विमान ॲमस्टरडॅमजवळ असंच वरून रेषेकडे येत होतं. त्याच्या डाव्या रेडिओ अल्टिमीटरने उंची उणे ८ फूट दाखवली. ऑटोथ्रॉटलला वाटलं, विमान टेकतंय, म्हणून त्याने इंजिनं आयडलवर नेली. तसंही खालीच यायचं होतं, त्यामुळे इंजिनं शांत असल्याचं कुणाला खटकलं नाही. मग रेषा सापडली. ऑटोपायलटने ती सोडायची नाही म्हणून नाक वर केलं, आणखी वर केलं. सुई मध्येच होती आणि वेग मात्र घसरत होता. वैमानिक लँडिंगची चेकलिस्ट पूर्ण करत होते. ४६० फुटांच्या आसपास कंट्रोल कॉलम थरथरला, म्हणजे विमान स्टॉल होण्याचा इशारा आला, तेव्हा फार उशीर झाला होता. विमान धावपट्टीच्या अलीकडे शेतात पडलं. १३५ पैकी ९ जणांचा जीव गेला, त्यात कॉकपिटमधले तिघेही होते.

कोझिकोड, २०२०: "आलोच आहोत तर..."

७ ऑगस्ट २०२० चा अपघात मराठी वाचकांना आठवत असेल. कॅप्टन दीपक साठे हवाई दलातून आलेले, खूप अनुभवी वैमानिक. पहिल्या प्रयत्नात, जोरदार पावसात, त्यांनी गो-अराउंड केलं, म्हणजे न उतरता विमान परत वर नेलं. नेमका त्यांच्या बाजूचा वायपर बंद पडला होता. मग विरुद्ध बाजूने, १० नंबरच्या धावपट्टीवर यायचं ठरलं. आता वारा मागून होता.

ऑटोपायलट काढल्यावर विमान आधी ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने खाली आलं, मग ग्लाइड स्लोपच्या वर गेलं. ८,८५८ फुटांच्या ओल्या धावपट्टीवर चाकं टेकली ती ४,४३८ फुटांवर. म्हणजे निम्मी धावपट्टी संपली होती. सहवैमानिकाने "गो अराउंड" म्हटलं होतं, पण ना ते झालं, ना सहवैमानिकाने विमान हातात घेतलं. टेबलटॉप धावपट्टीच्या टोकावरून विमान खाली कोसळलं. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाणही कॅप्टनकडेच होतं आणि ते गाठायची घाई असावी, असं तपास अहवालात आहे.

एकदा परतायचा निर्णय घेतलेल्या माणसाला तोच निर्णय दुसऱ्यांदा घेणं जड जातं. हे फक्त त्यांचंच नाही. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालानुसार वेग, रेषा किंवा उतरण्याचा दर बिघडलेल्या अप्रोचपैकी फक्त ३ टक्क्यांच्या आसपासच गो-अराउंडमध्ये संपतात. बाकीचे सगळे उतरतात, आणि त्यातले जवळजवळ सगळे सुखरूप. म्हणूनच ही सवय मोडत नाही.

नियम तसा स्पष्ट आहे. ढगांत १,००० फुटांपर्यंत सगळं स्थिर झालं नसेल तर वर जायचं. असं वर जाणाऱ्या वैमानिकाला जाब विचारायचा नाही, असं अनेक कंपन्यांनी धोरणच केलंय.

तुमच्या विमानाने असं केलं की पहिली काही मिनिटं घोषणा येत नाही. एक वैमानिक विमान सांभाळत असतो. दुसरा फ्लॅप आणि चाकं आत घेत असतो, कंट्रोलरशी बोलत असतो आणि पुन्हा रांगेत जागा मागत असतो. तुमच्याशी बोलायचं काम त्याच्या यादीत सगळ्यात शेवटी असतं.