सज्जादानशिनीची कुळकथा

दौंडहून मनमाडकडे जाणारी आगगाडी भीमा ओलांडून श्रीगोंद्याच्या मुलखात शिरते आणि शिरूरकरांनाही घोडनदीपलीकडे तोच अहिल्यानगर (पूर्वीचा नगर) जिल्हा लागतो. दौंड आणि शिरूर या उभय तालुक्यांच्या शेजारी, श्रीगोंद्यात, ‘योगसंग्राम’कर्ते शेख महंमद यांची समाधी आहे. सूफींच्या गादीचा वारस कोण, शिष्य की पुत्र, या जुन्या प्रश्नाची दोन्ही उत्तरे तेथे एकाच ठिकाणी सापडतात.

आरंभी या वारशाचा रक्ताशी संबंध नव्हता. पीर आपला खिर्का (झगा) आणि इजाजत (अनुज्ञा) ज्यास देई तो खलिफा. मग तो कोणत्या घरचा, ही चौकशी गौण होती. दिल्लीचे निजामुद्दीन औलिया (मृत्यू 1325) आजन्म अविवाहित होते. त्यांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब यांनी दक्षिणेत येऊन चिश्ती परंपरा रुजविली आणि 1337 साली ते खुलदाबादेत विसावले. त्यांचे खलिफा जैनुद्दीन शिराझी 1369 मध्ये निवर्तले, ते कोणासही उत्तराधिकारी न नेमता. योग्य पात्र न आढळल्यास परंपरा खंडित होऊ द्यावी, पण अपात्राच्या हाती देऊ नये, एवढा हा कठोर विवेक!

परंतु कबरीवर दिवा कोणी लावावा, उरुसाचा खर्च कोणी सोसावा? या कामांसाठी राजसत्तेने जमिनी इनाम दिल्या आणि इनामाला सनद लागते, सनदेला वारस. तेथून सज्जादानशीन, म्हणजे गादीवर बसणारा, मुलगा झाला, मग नातू. पुढे इंग्रजी अमदानीत 1852 च्या अकराव्या कायद्याने इनामांची चौकशी मांडली, तेव्हा वंशावळ हाच मोठा पुरावा ठरला. या वंशजांस पोटभरू म्हणून हिणविण्याची चाल आहे. मला ती अन्यायाची वाटते, कारण ज्यांनी पिढ्यानपिढ्या झाडलोट केली, त्यांच्याच पेट्यांत कागदपत्रे टिकली.

शेख महंमदांची गोष्ट मात्र निराळी. परंपरा सांगते की, त्यांचे वडील राजे महंमद हे चांद बोधले यांचे गुरू आणि चांद बोधले हे शेख महंमदांचे गुरू. म्हणजे बापाची विद्या लेकाला थेट मिळाली नाही, ती शिष्याच्या घरून फिरून आली. याच चांद बोधल्यांस देवगिरीच्या जनार्दनस्वामींचेही गुरू मानतात आणि जनार्दनस्वामींचे शिष्य म्हणजे पैठणचे एकनाथ.