खोडलेला शब्द

आसनगावहून कसाऱ्याकडे जाणारा लोहमार्ग घाट चढून पुढे नाशिक, जळगाव, भुसावळ गाठतो. मराठी कवितेतील एका गुरुशिष्यांच्या आयुष्याचे धागे या मार्गाला लागून आहेत. गुरू म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांचे प्राथमिक शिक्षण कल्याणला झाले. शिष्य म्हणजे खानदेशातील धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, अर्थात बालकवी.

ही कथा आठवण्यास निमित्त घडले ते माझ्याच एका चुकीचे. आसनगावच्या एका मुलाने धर्मशिक्षणाच्या तासानंतर वहीचे पान माझ्यापुढे केले. नाताळची कविता होती. गव्हाणीत त्याने भाताचा पेंढा अंथरला होता आणि आवणीत वाकून कंबर धरलेली आपली आई पवित्र मरियेशेजारी उभी केली होती. मी 'आवणी' खोडून 'रोपणी' लिहिले, दोन यमके जुळवून दिली आणि अखेरीस 'तारणहारा' हा शब्द बसवला. मुलाने मान डोलावली. त्यानंतर त्याने मला एकही कविता दाखवली नाही.

१९०७ साली जळगावी पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर, वनस्पतिशास्त्राचे जाणकार. सतरा वर्षांच्या ठोंबऱ्यांनी तेथे कविता म्हटली आणि कीर्तिकरांनी त्यांना 'बालकवी' ही पदवी दिली. झाडापानांत रमणाऱ्या कवीला एका वनस्पतिशास्त्रज्ञानेच ओळखावे, हा योग मोठा गमतीचा. परंतु टाळ्यांनी मुलाला धीर येतो, त्याची कविता वाढतेच असे नाही. त्यासाठी रोज कान देणारे माणूस लागते. ते माणूस टिळकांच्या रूपाने भेटले. त्यांनी या मुलाला अहमदनगरला आपल्या घरी आणले आणि लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया केली. 'स्मृतिचित्रे'त ठोंबरे भेटतात ते घरातील एक हट्टी, लाडके मूल म्हणून.

टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले होते. ते प्रॉटेस्टंट पंथाचे. त्यांच्या छपराखाली राहणाऱ्या मुलाच्या लेखणीतून ख्रिस्तगीते उतरावीत, असे कोणालाही वाटले असते. तसे झाले नाही. ठोंबरे हिंदूच राहिले, आणि त्यांच्या 'औदुंबर' या आठ ओळींच्या कवितेत उपदेशाचा लवलेशही नाही. टिळकही फुलांचे आणि मुलांचे कवी. त्यांची छाया शिष्यावर पडली, हे खरे. पण शिष्य त्या छायेतून स्वतःच्या उन्हात गेला. शिकवणाऱ्याच्या यशाची याहून मोठी खूण मला ठाऊक नाही.

दुसरी विद्यार्थिनी तर घरातच होती. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख करून दिली ती टिळकांनी. टिळक संस्कृतात मुरलेले, तर बाईंची भाषा चुलीपाशी बसून बोलावी तशी. ती भाषा घासूनपुसून टिळकांसारखी केली असती, तर 'स्मृतिचित्रे' आपल्या हाती आले असते का? टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे नेले ते याच बाईंनी.

गुरुशिष्यांचा शेवट जवळजवळच झाला. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून बालकवी गेले. वय अवघे सत्तावीस. त्यानंतर वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी, टिळकही मुंबईत निवर्तले. भादली आपल्याच मार्गावर, जळगाव आणि भुसावळ यांच्या दरम्यान आहे.

असो. त्या मुलाचे पान अजून माझ्या प्रार्थनापुस्तकात आहे. रेघ मारली असली तरी खालचा 'आवणी' स्पष्ट वाचता येतो. येत्या रविवारी माझी अक्षरे पुसून ते पान मी त्याला परत देणार आहे. आणि आवणीच्या वेळी आई कोणते गाणे म्हणते, एवढेच त्याला विचारणार आहे.