सागा पॅटर्न: पैसे कटले, ऑर्डर झाली नाही, मग रिफंड कसा येतो?

फूड ॲपमध्ये ऑर्डर, पेमेंट, डिलिव्हरी अशा वेगवेगळ्या सर्व्हिस असतात आणि बहुतेक वेळा प्रत्येकीचा डेटाबेस वेगळा. त्यामुळे पैसे कटल्यावर हॉटेलने ऑर्डर नाकारली, तर सगळं एका झटक्यात रद्द होत नाही. इथे सागा कामी येतो. ही कल्पना हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी १९८७ मध्ये मांडली. प्रत्येक पायरीची उलटी पायरी आधीच ठरवायची. पेमेंटची उलटी पायरी म्हणजे रिफंड.

याचे दोन प्रकार आहेत:

ऑर्केस्ट्रेशन: एक सर्व्हिस बाकीच्यांना कामं सांगते. गडबड कुठे झाली ते पटकन कळतं.

कोरिओग्राफी: ‘पेमेंट झालं’ असा इव्हेंट ऐकून प्रत्येक सर्व्हिस आपलं काम करते.

लक्षात ठेवा, रिफंडचा मेसेज दोनदा आला, तरी पैसे एकदाच परत जायला हवेत.