एका छपरावरचे दोन अँटेना

दुसरें महायुद्ध संपल्यावर अमेरिकेच्या शहरांतून घरांच्या छपरांवर दोन जातींचे अँटेना शेजारीं शेजारीं उभे राहूं लागले. एक दूरचित्रवाणीचा, त्याचें काम केवळ लहरी टिपण्याचें. दुसरा हौशी बिनतारीकाराचा. तो ऐके आणि बोलेही. युद्धकाळांत बंद ठेवलेलें हौशी प्रेषण १९४५ च्या अखेरीस पुन्हां सुरू झालें होतें, आणि त्यानंतरच्या कांहीं वर्षांतच दूरचित्रवाणीचे संच घरोघर येऊं लागले. शेजार जमला खरा, पण तो सुखाचा झाला नाहीं. हौशी गृहस्थानें रात्रीं प्रेषक चालू केला कीं शेजारच्या दिवाणखान्यांतील चित्रावर पट्टे उमटत. कधीं चित्रच नाहींसें होई.

दोष कोणाचा? शेजाऱ्यांना उत्तर उघड वाटे: बोलणाराचा. कांहीं अंशीं तें खरेंही होतें. प्रत्येक प्रेषक नेमलेल्या कंपनसंख्येबरोबरच तिच्या दुपटीवर, तिपटीवरही थोडी शक्ति सांडतो. हौशी मंडळींचा एक पट्टा २८ ते २९.७ मेगासायकलचा, म्हणजे आजच्या भाषेंत मेगाहर्ट्झचा. त्याची दुप्पट ५६ ते ५९.४, आणि दूरचित्रवाणीचा दुसरा चॅनेल ५४ ते ६० च्या दरम्यान! तंटा असा अंकगणितांतच लिहिलेला होता.

परंतु खटल्याला दुसरी बाजूही होती. प्रेषक अगदीं निर्दोष असला तरी त्याची जवळची प्रबळ लहर कित्येक संचांना झेपत नसे. नको ती लहर दाराबाहेर ठेवण्याची सोय त्यांत पुरेशी केलेली नसे. अँटेनापासून संचापर्यंत येणारी चपटी दुहेरी तारही स्वतः लहरी टिपी. खांबावरचा एखादा गंजलेला सांधासुद्धां नव्या उपद्रवी लहरी निर्माण करी. उलट, संचांतून निघणारा कर्कश आवाज हौशी बिनतारीकाराच्या कानीं पडे, तो वेगळाच. सेकंदाला १५,७५० वेळां चालणाऱ्या आडव्या रेखनाचे ते पडसाद असत.

भांडणानें जें साधलें नाहीं तें समजुतीनें साधलें. प्रेषकाच्या मुखाशीं वरच्या कंपनांना अडविणारी गाळणी बसविली गेली, तर संचाच्या तोंडाशीं खालच्या कंपनांना अडविणारी. दोन्ही अँटेनांत जागा मिळेल तेवढें अंतर राखण्याचा धडा मिळाला. एक आडवा आणि दुसरा उभा असेल तर परस्परांची बाधा कमी होते, हेंही उपयोगीं पडलें. विजेच्या भयास्तव दोन्ही खांब एकाच भूमिसंबंधास जोडावे, हा नियम तर सर्वांनाच लागू होता.

कायदा मात्र सावकाश आला. संचानें परक्या लहरींचा मारा किती सोसावा याचें प्रमाण ठरविण्याचा अधिकार अमेरिकन काँग्रेसनें संघीय दळणवळण आयोगास १९८२ सालीं दिला. दोष नेहमीं बोलणाराचाच नसतो, ही गोष्ट अशी कायद्याच्या पुस्तकांत शिरली. पुढें १२ जून २००९ रोजीं तेथील मोठ्या केंद्रांचें जुन्या पद्धतीचें प्रक्षेपण थांबलें आणि पडद्यावरचे ते पट्टे इतिहासजमा झाले. तंट्यानें शिकविलेली गोष्ट मात्र जुनी झाली नाहीं: आकाश सर्वांचें आहे, तेथें बोलणारानें आवाज आवरावा आणि ऐकणारानें आपलें दार नीट लावावें.