मेंदूतील तारापेशी, साखर आणि संप्रेरके

मानवी मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते. तरीही विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिच्यापैकी सुमारे २० टक्के ऊर्जा एकट्या मेंदूला लागते. प्रौढ व्यक्तीचा मेंदू दिवसाकाठी साधारणतः १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज वापरतो. मेंदूच्या या पुरवठ्याचा इन्सुलिनशी संबंध नाही, असे पाठ्यपुस्तके अनेक दशके सांगत आली. हे विधान चुकीचे नाही. मात्र ते अपुरे आहे, असे गेल्या काही वर्षांतील संशोधनातून दिसून आले आहे. त्याच्या केंद्रस्थानी आहेत मेंदूतील साहाय्यक पेशी, अर्थात ॲस्ट्रोसाइट किंवा तारापेशी.

तारापेशींचे स्थान

ताऱ्यासारख्या आकारामुळे या पेशींना हे नाव मिळाले. त्यांच्या काही शाखांची टोके मेंदूतील केशवाहिन्यांना जवळजवळ पूर्णपणे वेढून असतात, तर इतर शाखा चेतापेशींच्या जोडस्थानांपर्यंत पोहोचतात. त्यामुळे रक्त आणि चेतापेशी यांच्यामध्ये त्या दुव्याचे काम करतात. केशवाहिन्यांच्या भिंतीतून आणि तारापेशींच्या आवरणातून ग्लुकोज आत नेण्याचे काम प्रामुख्याने ‘ग्लुट-१’ हे वाहक प्रथिन करते. चेतापेशींत तेच काम मुख्यतः ‘ग्लुट-३’ करते. मेंदूतील ग्लायकोजेनचा अल्पसा साठाही बहुतांशी तारापेशींतच असतो. तारापेशी ग्लुकोजपासून लॅक्टेट तयार करून ते चेतापेशींना पुरवतात, अशी मांडणी पेलेरिन आणि माजिस्ट्रेटी यांनी १९९४ मध्ये केली. या पुरवठ्याचे प्रमाण किती, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप मतभेद आहेत.

इन्सुलिनची भूमिका

स्नायू आणि मेदपेशींमध्ये ‘ग्लुट-४’ हे वाहक प्रथिन पेशीच्या आत दडलेले असते. इन्सुलिनचा संदेश मिळताच ते पृष्ठभागावर येते. ‘ग्लुट-१’ मात्र या संदेशाची वाट न पाहता कार्यरत असते. मेंदू इन्सुलिनवर अवलंबून नाही, या समजुतीमागे हेच कारण होते. परंतु १९७८ मध्ये उंदरांच्या मेंदूत इन्सुलिनचे ग्राही आढळले आणि ते तेथे कशासाठी आहेत, असा प्रश्न उभा राहिला.

या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग २०१६ मध्ये म्युनिक येथील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासातून मिळाला. उंदरांच्या तारापेशींतील इन्सुलिनचे ग्राही काढून टाकले असता रक्तातून मेंदूत होणारा ग्लुकोजचा प्रवेश मंदावला. तृप्तीची जाणीव करून देणाऱ्या हायपोथॅलॅमसमधील चेतापेशीही ग्लुकोजला पूर्वीसारखा प्रतिसाद देईनाशा झाल्या. माद्रिदमधील संशोधकांनी २०१७ मध्ये आणखी एक बाब दाखवली. तारापेशींतील ग्लुकोजग्रहण वाढण्यासाठी इन्सुलिन आणि इन्सुलिनसदृश वृद्धिघटक-१ या दोन संप्रेरकांचे सहकार्य आवश्यक ठरते.

अन्य संप्रेरके

मेदपेशींत तयार होणाऱ्या लेप्टिनचे ग्राहीही हायपोथॅलॅमसमधील तारापेशींवर आढळतात. लेप्टिनचा अल्पकालीन आणि दीर्घकालीन परिणाम तेथील वाहक प्रथिनांवर वेगवेगळा होतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. कॉर्टिसॉलच्या गटातील तणाव-संप्रेरके याच्या उलट दिशेने काम करतात. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, हिप्पोकॅम्पसमधून घेऊन प्रयोगशाळेत वाढवलेल्या चेतापेशी आणि साहाय्यक पेशी या दोहोंमधील ग्लुकोजचा प्रवेश त्यांनी कमी केल्याचे आढळले. नॉरअ‍ॅड्रेनालिन मात्र सतर्कतेच्या क्षणी तारापेशींतील ग्लायकोजेनचे विघटन घडवून ऊर्जा तत्काळ उपलब्ध करून देते.

रुग्णांसाठी अर्थ

या संशोधनाचा एक अर्थ मात्र काढता येणार नाही : इन्सुलिन अधिक घेतले की मेंदूला साखर अधिक मिळते, असे नाही. मेंदूत शिरणारे ग्लुकोज सर्वप्रथम रक्तातील त्याच्या प्रमाणावर अवलंबून असते. इन्सुलिनची मात्रा गरजेपेक्षा जास्त झाल्यास स्नायू आणि मेद रक्तातील साखर ओढून घेतात आणि मेंदूची उपासमार होते. गोंधळ उडणे, बोलणे अडखळणे, बेशुद्धी ही त्याचीच लक्षणे होत.

इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद दीर्घकाळ मंदावलेला राहिल्यास तारापेशींवर काय परिणाम होतो आणि विस्मरणाच्या आजारांशी त्याचा किती संबंध आहे, हे सध्याच्या अभ्यासाचे विषय आहेत. भारतीय वंशाच्या लोकांसाठी ते विशेष महत्त्वाचे आहेत. कारण तुलनेने कमी वजन असतानाही त्यांच्यात इन्सुलिन-प्रतिरोध आढळतो. पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने या वैशिष्ट्याकडे जगाचे लक्ष वेधले. तथापि, वरील निष्कर्षांपैकी बहुतेक उंदरांवरील किंवा प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरील प्रयोगांतून आलेले आहेत. त्यांच्या आधारे औषधोपचारात स्वतःहून बदल करणे योग्य ठरणार नाही.